सहारा आणि एक फटफटी



वाळवंट म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें प्रथम उंट उभा राहतो आणि फटफटी म्हटली कीं शहरांतला डांबरी रस्ता. हीं दोन चित्रें एकत्र आणणें आज फारसें नवलाचें राहिलेलें नाहीं. उंच बांधणीच्या, मुद्दाम आडवाटेसाठीं बनविलेल्या मोटारसायकली बाजारांत मिळतात, आणि त्यांवर बसून नवरा-बायको लडाखांत, राजस्थानांत, किंवा पैशाची सवड असल्यास थेट मोरोक्कोच्या वाळूंत हिंडून येतात. या हौसेचा मूळपुरुष शोधूं लागलें तर मात्र थोडी गंमत होते. जुन्यांतल्या जुन्या ज्या जोड्या हातीं लागतात, त्यांतली सर्वांत धीट जोडी पुरुषांची नव्हे आणि नवरा-बायकोचीही नव्हे. ती दोन मैत्रिणींची आहे. त्यांनीं १९३४ च्या डिसेंबरांत लंडन सोडलें आणि १९३५ च्या जुलैअखेर आफ्रिकेचें दक्षिण टोंक गांठलें. मध्यें सबंध सहारा होतें.

थेरेसा वॉलॅक आणि फ्लॉरेन्स ब्लेंकिरन हीं त्यांचीं नांवें. दोघीही मोटारसायकलीच्या शर्यतींत मुरलेल्या. लंडनच्या नैर्ऋत्येस, सरे परगण्यांत, ब्रुकलंड्स नांवाचा शर्यतीचा काँक्रीटचा मार्ग होता. १९०७ सालीं बांधलेला आणि वळणांवर भिंतीसारखा चढविलेला. तेथील शर्यतींत मोटारसायकलीवरून ताशीं १०० मैलांहून अधिक वेगानें फेरी पुरी करणाऱ्यास एक छोटा सुवर्णतारा मिळत असे. तो मिळविणारी पहिली स्त्री ब्लेंकिरन; तें वर्ष १९३४, म्हणजे प्रवासास निघण्याचेंच. वॉलॅक यांस तो १९३९ मध्यें मिळाला. या दोघींच्या दरम्यान तो मान आणखी एका बाईंनीं मिळविला, बीट्रिस शिलिंग यांनीं. त्यांनींच पुढें महायुद्धांत लढाऊ विमानांच्या इंजिनांतला एक जीवघेणा दोष साध्या भोंकाच्या चकतीनें आटोक्यांत आणला. पण तो विषय वेगळ्या भाषणाचा आहे. ब्रुकलंड्सचा तारा मिळविणाऱ्या स्त्रिया एवढ्या तीनच.

वॉलॅक यांचा जन्म १९०९ चा. लंडनच्या नॉर्दॅम्प्टन पॉलिटेक्निक संस्थेंत त्यांनीं यंत्रविद्येचें शिक्षण घेतलें होतें. ही गोष्ट श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें एके ठिकाणीं दोघींचा प्रवास केवळ या शिक्षणावर तरला.

गाडी होती पँथर जातीची, यॉर्कशायरमधील क्लेकहीटन गांवच्या फेलन अँड मूर या कारखान्याची. एकच सिलिंडर, पण चांगला सहाशें घनसेंटिमीटरच्या घराचा. या कारखान्याची एक जुनी खुबी अशी कीं, सिलिंडर पुढें कललेला ठेवीत आणि सांगाड्याची पुढली नळीच गाळून तिचें काम त्या सिलिंडरकडून घेत. अशा गाड्या वेगासाठीं प्रसिद्ध नव्हत्या, ओढण्यासाठीं होत्या. इंग्लंडांतले कामकरी लोक बायकामुलांना साइडकारमध्यें बसवून त्यांवरून सुटीला जात. आमच्या दोघींनीं तिला साइडकार तर जोडलीच, शिवाय मागें सामानाचा एक ट्रेलर लावला. म्हणजे एका सिलिंडरच्या जिवावर दोन माणसें, तंबू, हत्यारें, सुटे भाग, पेट्रोल व पाणी असा सगळा संसार निघाला. बरोबर दुसरी गाडी नाहीं, मदतनीस नाहीं, होकायंत्रही नव्हतें.

ता. ११ डिसेंबर १९३४ रोजीं लंडनमध्यें त्यांना निरोप देण्यास लेडी अ‍ॅस्टर आल्या होत्या. ब्रिटिश लोकसभेंत प्रत्यक्ष जाऊन बसलेली पहिली स्त्री ती हीच. फ्रान्समधला हिवाळा अंगावर घेत दोघी दक्षिणेस उतरल्या, भूमध्य समुद्र ओलांडून अल्जिअर्सला पोंचल्या, आणि तेथून खरा प्रश्न सुरू झाला.

त्या वेळचें सहारा म्हणजे काय होतें तें थोडें सांगितलें पाहिजे. नव्वद लक्ष चौरस किलोमीटरांच्या आसपासचा हा प्रदेश सगळा वाळूचा आहे ही आपली एक ठाम समजूत आहे. खऱ्या वाळूचा भाग सुमारें चतुर्थांश. बाकीचें खडकाळ पठार, गोटेगोटे झालेलीं मैदानें आणि डोंगर. चाकांवर बसून तें प्रथम ओलांडलें सित्रोएन कंपनीच्या माणसांनीं. हार्ट आणि ओदुआं-द्युब्रई यांची पांच गाड्यांची तुकडी १७ डिसेंबर १९२२ रोजीं तुगुर्त येथून निघाली आणि ७ जानेवारी १९२३ ला टिंबक्टूस पोंचली. पण त्या गाड्यांच्या मागच्या बाजूस चाकें नव्हतीं, रबरी पट्टे होते. साध्या चाकाला वाळू काय करते हा धडा त्यांना टाळतां आला.

आणि धडा चुकला तर काय होतें, याचींही उदाहरणें ताजीं होतीं. सहारांत फ्रेंच सत्ता बसविणारे जनरल लापेरिन, ज्यांना त्या भूमीचा कण न् कण ठाऊक असे म्हणत, १९२० मध्यें विमान कोसळून तेथेंच वारले. १९३३ च्या एप्रिलांत बिल लँकेस्टर हा इंग्रज वैमानिक केप टाऊनच्या वाटेवर तानेझरुफ्त नांवाच्या निर्जळ पट्ट्यांत उतरला. पडलेल्या विमानाच्या पंखाखालीं बसून तो आठ दिवस रोजनिशी लिहीत होता. त्याचा देह फ्रेंच पथकाला सांपडला तो १९६२ मध्यें. म्हणजे वॉलॅक आणि ब्लेंकिरन अल्जिअर्सला आल्या तेव्हां तो माणूस बेपत्ता होऊन वीसच महिने झाले होते आणि त्याचा पत्ता कोणासच नव्हता.

तेव्हां तेथील अधिकाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या असल्यास त्यांना सर्वस्वी दोष देतां येत नाहीं. वाळवंटांत शिरणाऱ्यानें शोधकार्याच्या खर्चाची हमी द्यावी, एका ठाण्याहून निघतांना वर्दी द्यावी, दुसऱ्या ठाण्यास पोंचल्याची नोंद करावी, असा त्या काळचा दंडक होता. उन्हाळ्यांत तर मार्गच बंद असत. पण दोन बायका, एक फटफटी, आणि तिला लटकलेला ट्रेलर हें प्रकरण कोणत्याही दंडकांत बसणारें नव्हतें. परवानगी मिळाली खरी. ती मिळवितांना दोघींनीं जी चिकाटी दाखविली ती पुढच्या वाळूंतल्या चिकाटीहून कमी प्रतीची नसावी, असें मला वाटतें.

अल्जिअर्सपासून लागवात, घार्दाया, एल गोलेआ अशीं गांवें घेत मार्ग दक्षिणेस जातो. येथवर खजुरीच्या बागा आहेत, बाजार आहे, माणूस माणसाला दिसतो. एल गोलेआच्या पुढें तादेमाइतचें पठार लागतें; सपाट, काळ्या खड्यांचें, ज्यावर झाड तर नाहींच पण नजर अडेल असा उंचवटाही नाहीं. तें ओलांडलें कीं इन सलाह, तेथून हॉगारचे डोंगर चढत सुमारें ४०० मैलांवर तामनरासेत. समुद्रसपाटीपासून चौदाशें मीटर उंचीच्या या गांवीं डिसेंबर-जानेवारीच्या रात्रीं पाणी गोठण्याइतकी थंडी पडते. वाळवंट म्हणजे उकाडा हीही आपली समजूतच. त्याच गांवीं शार्ल द फुको हा तपस्वी पाद्री राहत असे. त्यानें तुआरेग लोकांच्या भाषेचा थोर कोश रचला आणि १९१६ च्या डिसेंबरांत तेथेंच त्याची हत्या झाली.

आतां या वाटेवर फटफटीचें नेमकें काय होतें, हें जरा सविस्तर सांगतों. कारण प्रवासवर्णनांत 'वाटेंत फार हाल झाले' एवढेंच लिहिलेलें असतें आणि हाल कशाचे तें समजत नाहीं.

पहिली गोष्ट, या गाडीचें ओढणारें चाक एकच, मागचें. साइडकारचें चाक नुसतें फिरतें, ट्रेलरचीं दोन तींही नुसतीं फिरतात. कठीण जमिनीवर याचें कांहीं वाटत नाहीं. मऊ वाळूंत मात्र तें एक चाक जागच्या जागीं फिरून आपलाच खड्डा खणूं लागतें आणि बाकीचीं चार नांगरासारखीं रुततात. लॉरीच्या जुन्या चाकोरींतून जावें तर लॉरीची रुंदी वेगळी, साइडकारची वेगळी. एक चाक चाकोरींत तर दुसरें वरच्या सैल वाळूंत. मग एकीनें उतरायचें, हातांनीं व फावड्यानें वाळू उपसायची, ट्रेलर सोडवायचा, गाडी ढकलून पुढें न्यायची, परत येऊन ट्रेलर ओढून न्यायचा, जोडायचा, आणि पुन्हां निघायचें.

दुसरी गोष्ट इंजिनाची. मोटारगाडीच्या इंजिनाला पाणी थंड ठेवतें. फटफटीला वारा थंड ठेवतो, आणि वारा लागतो तो धांवल्यामुळें. वाळूंत गाडी पहिल्या गिअरमध्यें माणसाच्या चालीनें चालते, इंजिन मात्र जिवाच्या आकांतानें फिरत असतें. अशा वेळीं वारा मुळींच नाहीं आणि उष्णता सर्वांत अधिक. त्यांत पाठीमागून वारा सुटला तर पाहायलाच नको. शिवाय तेथें कांहीं ठिकाणीं वरून घट्ट पापुद्रा आणि खालीं पिठासारखी धूळ असते. अरब लोक तिला फेश-फेश म्हणतात. ती धूळ हवेबरोबर सिलिंडरमध्यें शिरते, तेलांत मिसळते आणि कानस घासावी तशी आंतले भाग झिजवीत राहते. गाडी चालत असते, तक्रार करीत नाहीं, आणि आंतून संपत असते.

तिसरी गोष्ट रस्त्याचीच. लॉऱ्यांच्या येण्याजाण्यानें कठीण जमिनीवर आडव्या लाटा उठतात. फ्रेंच लोकांनीं तिला दिलेल्या नांवाचा अर्थच मुळीं पन्हाळी पत्रा. वेगानें जाणारी गाडी या लाटांच्या माथ्यामाथ्यावरून निघून जाते. लादलेल्या फटफटीला तो वेग साधत नाहीं, म्हणून तिला प्रत्येक लाट चढावी आणि उतरावी लागते, दिवसभर. सांधे, कड्या, बोल्ट यांचें आयुष्य त्यांत जातें. पहिला बळी बहुधा ट्रेलरच्या जोडाचा.

तामनरासेतहून इन गेझाम सुमारें अडीचशें मैल; तेथें एक विहीर आणि ठाणें. त्यापुढें अगादेझपर्यंत जवळजवळ तीनशें मैल. सहाराचा खरा पोटांतला भाग तो हाच. दोघी तोही बहुतेक पार पडल्या. अगादेझ जवळ आलें, आणि तेथें इंजिननें मान टाकली.

हा प्रसंग क्षणभर डोळ्यांसमोर आणून पाहा. गांव सुमारें २५ मैलांवर. एवढें अंतर लंडनमध्यें असतें तर तासाभराचा प्रश्न. येथें गाडी सोडून पायीं निघावें तर पाणी किती नेणार, वाट चुकली तर काय, आणि लँकेस्टरच्या गोष्टीचें तात्पर्य काय! गाडीपाशीं बसून राहावें तर कोण केव्हां येईल याची खात्री नाहीं. अखेर तेथील कांहीं स्थानिक माणसें मदतीला आलीं. त्यांनीं ती फटफटी पायीं चालत ओढत २५ मैल अगादेझपर्यंत आणून पोंचविली.

या ठिकाणीं मला थोडें थांबावेंसें वाटतें. लेडी अ‍ॅस्टर यांचें नांव आपल्याला ठाऊक आहे, कारखान्याचें नांव ठाऊक आहे, गाडीच्या सिलिंडरचें माप देखील ठाऊक आहे. त्या ओढणाऱ्या माणसांपैकीं एकाचेंही नांव या प्रवासाच्या प्रसिद्ध हकीकतींत येत नाहीं. ज्या साम्राज्याचीं ठाणीं त्या दोघींना पेट्रोल व आसरा देत होतीं, त्याच साम्राज्यानें या माणसांच्या मुलखावर बंदुकीच्या जोरावर राज्य चालविलें होतें. १९१६-१७ मध्यें याच अगादेझला तुआरेगांनीं काओसेन याच्या पुढारीपणाखालीं वेढा घातला होता आणि पुढें तें बंड कठोरपणें मोडण्यांत आलें. ही गोष्ट घडून वीस वर्षेंही लोटलीं नव्हतीं. तरी वाळूंत अडकलेल्या परक्या बायकांना पाहून या लोकांनीं दोर हातीं घेतले. सहारा दोघींनीं ओलांडलें हें खरें. पण त्यांतले २५ मैल दुसऱ्यांच्या खांद्यांवर ओलांडलेले आहेत आणि तें सांगितल्यानें त्या दोघींचें मोठेपण रतिभरही उणें होत नाहीं.

अगादेझ हें जुनें तांड्यांचें शहर. तेथील मशिदीचा मनोरा मातीचा, सुमारें २७ मीटर उंच, अंगांतून लांकडांचीं टोकें बाहेर आलेला; मूळचा सोळाव्या शतकांतला आणि १८४४ मध्यें पुन्हां उभारलेला. या मनोऱ्याच्या गांवीं वॉलॅक यांनीं इंजिन पूर्ण खोललें. इंजिन पूर्ण खोलणें म्हणजे काय, हें ज्यानें कारखान्यांत पाहिलें असेल त्याला ठाऊक आहे. त्याला स्वच्छ जागा लागते, दाब देणारीं यंत्रें लागतात, मापाचे सुटे भाग लागतात. येथें वाऱ्यावर वाळू उडत होती आणि यांपैकीं बहुतेक गोष्टींची वाण होती. तरी त्यांनीं तें उघडलें, दुरुस्त केलें, पुन्हां जुळविलें आणि गाडी सुरू केली. ब्रुकलंड्सवर ताशीं शंभर मैल जाणें मोठें खरेंच. पण मला विचाराल तर मी सुवर्णतारा अगादेझच्या त्या कामाला देईन.

पुढचा प्रवास लांबीनें मोठा, पण सांगण्यास थोडका. नायजेरियांतील कानो गांठल्यावर वाळवंट सुटलें आणि त्याच्या जागीं चिखल, नद्या, रान आलें. विषुववृत्ताकडील फ्रेंच मुलूख, बेल्जियन काँगो, मग पूर्वेकडे वळून ब्रिटिशांच्या वसाहती. टांगानिकांत, जेथें दिवसेंदिवस दुसरी गाडी दृष्टीस पडत नसे, तेथें समोरून एक मोटार आली आणि नेमकी तिच्याशींच यांची टक्कर झाली. सहारांत टिकलेली गाडी दुसऱ्या वाहनाच्या सोबतीनें जखमी व्हावी हा योग पाहून हसावें कीं रडावें कळत नाहीं. ती दुरुस्त झाली आणि २९ जुलै १९३५ रोजीं दोघी केप टाऊनला पोंचल्या. साडेसात महिने लागले.

आफ्रिकेचा उलट दिशेनें प्रवास, केप टाऊनहून कैरोपर्यंत, कोर्ट ट्रीट या दांपत्यानें १९२४ ते १९२६ मध्यें मोटारींतून केला होता. त्याला सोळा महिने लागले. पण त्यांच्याबरोबर आणखी माणसें होतीं, दोन गाड्या होत्या. दोघांनींच आणि एकाच यंत्रावर जाण्यांत जी गोष्ट आहे ती त्यांत नाहीं. हँडल धरणाऱ्याला वाळू आधीं दिसते, साइडकारमध्यें बसलेल्याला तिचा धक्का आधीं बसतो. आणि गाडी रुतली कीं कोणाची चूक हा प्रश्न दोघांनींही मनांत ठेवावा लागतो. महिन्यांमागून महिने हा प्रश्न मनांत ठेवणें हें इंजिन खोलण्याइतकेंच अवघड कसब असावें.

अशा जोड्या आपल्याकडेही झाल्या. मुंबईचे फ्रामरोझ दावर १९२४ मध्यें सायकलवरून जगप्रवासास निघाले. वाटेंत त्यांना श्ताव्यानिक नांवाचा ऑस्ट्रियन सोबती मिळाला आणि दोघांनीं सायकलींवरून सहारा पार केलें. इंजिन नाहीं म्हणून बिघाड नाहीं, असें म्हणावें तर पायांतलें इंजिन होतेंच. आणि १९३३ मध्यें मॅक्स राइश व हर्बर्ट टिखी हे दोन ऑस्ट्रियन तरुण व्हिएन्नाहून इराक-इराणच्या वाळवंटांतून एकाच पूख मोटारसायकलीवर, एक पुढें एक मागें, हिंदुस्थानांत आले. त्यांतला मागें बसलेला टिखी पुढें १९५४ मध्यें पासांग दावा लामा व योखलर यांच्याबरोबर चो ओयूच्या शिखरावर पोंचला.

वाळवंटांत फटफटी नेण्याची ही रीत पुढें शर्यतींच्या हातीं गेली. १९७७ मध्यें तिएरी साबीन हा फ्रेंच स्वार लिबियाच्या वाळवंटांत वाट चुकला, जेमतेम वांचला, आणि त्या अनुभवांतूनच त्यानें पॅरिस ते डाकार ही शर्यत काढली; ती प्रथम १९७८ च्या डिसेंबरांत सुटली. मग कारखाने अशा वाटांसाठीं खास गाड्या बनवूं लागले. त्यांच्या दुकानांतल्या चकचकीत रांगेंत आपण उभे राहतों तेव्हां कललेल्या सिलिंडरची ती पँथर कोणाच्या मनांत येत नाहीं.

वॉलॅकबाईंनीं दुसऱ्या महायुद्धांत ब्रिटिश लष्करांत मोटारसायकलीवरून निरोप पोंचविण्याचें काम केलें. युद्धानंतर त्या अमेरिकेंत गेल्या, तो देश, कॅनडा आणि मेक्सिको फटफटीवरून हिंडल्या, शिकागोंत मोटारसायकलींचें दुकान चालविलें, आणि १९७३ मध्यें अ‍ॅरिझोनांतल्या फीनिक्स शहरीं, म्हणजे पुन्हां एका वाळवंटाच्या कांठीं, लोकांना मोटारसायकल चालविण्यास शिकविणारी शाळा काढली. मोटारगाडी त्यांनीं जन्मांत कधीं घेतली नाहीं. दृष्टी अधू झाल्यामुळें वयाच्या ८८ व्या वर्षीं त्यांना फटफटी सोडावी लागली. ३० एप्रिल १९९९ रोजीं, बरोबर नव्वदाव्या वाढदिवशीं, त्या वारल्या. सहाराच्या प्रवासाचें त्यांनीं लिहिलेलें पुस्तक छापून निघालें तें २००१ मध्यें.